सायलेन्सर-पाटा गॅप

ट्रकचा एक्झॉस्ट पाईप (इंजिनाचा धूर सायलेन्सरमधून बाहेर नेणारा) आणि पाटे (चाकांवरची पोलादी पट्ट्यांची कमान), यू-बोल्ट (पाटे आसाला आवळून धरणारे), शॅकल (पाट्याचे टोक सांगाड्याला जोडणारा दुवा), हाउसिंग (मागच्या आसाचे कवच) हे हलते भाग यांच्यात राखावी लागणारी मोकळी जागा. कंपनीच्या जोडणीत ती हिशेबात धरलेली असते. बाजारातला दुसरा सायलेन्सर लावला किंवा जास्त माल भरण्यासाठी पाटे वाढवले, की तो हिशेब मोडतो. वणी-चंद्रपूरकडे कोळसा आणि हिंगणघाट-पांढरकवड्याकडे कापूस वाहणाऱ्या गाड्यांची तक्रार गॅरेजात एका वाक्यात येते : ‘सायलेन्सर पाट्याले लागून रायलं.’

रिकामी गाडी फरशीवर उभी असताना दिसणारी बोटभर फट भरल्या गाडीत उरेलच असे नाही. भार पडला की कमानीचा बाक कमी होतो, शॅकल सरकते आणि हाउसिंग वर येते. त्यात विदर्भातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे होतात. पांदणीत एकच चाक खड्ड्यात गेले तर हाउसिंग तिरपे होऊन एका बाजूची फट पार मिटते. पाईपही स्वस्थ नसतो : साधा लोखंडी पाईप ३०० अंश सेल्सिअसने तापला तर मीटरमागे सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबतो, आणि इंजिनाच्या हिसक्यासरशी हलतो तो वेगळाच.

म्हणून फट भरल्या गाडीतच तपासावी. इंजिन थंड असताना संशयाच्या जागी कणकेचा गोळा चिकटवायचा, मागचे एक चाक लाकडी ठोकळ्यावर चढवायचे आणि गोळा किती चेपला ते बघायचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये.

दुरुस्तीची सुरुवात कटरने करण्याची घाई बहुतेकदा नडते. आधी इंजिनाचे फाउंडेशन रबर (इंजिन ज्यावर टेकते ते) बघावे. ते दबून बसले की इंजिनासोबत सगळा पाईप खाली येतो. मग सर्व क्लॅम्प ढिले करून पुढून मागे पाईप फिरवत बसवावा. हँगरची (पाईप टांगून धरणाऱ्या आधारांची) रबरे बदलावीत, गरज पडल्यास हँगरची जागा सरकवावी. एवढ्यानेही भागले नाही तरच पाईप कापून नवा बाक द्यावा. हातोड्याने पाईप चेपणे हा सोपा, पण वाईट इलाज : धुराची वाट अरुंद होते आणि इंजिन दमते. वाढीव पाट्यांसाठी घातलेल्या लांब यू-बोल्टची टोके पाईपाला भिडत असतील, तर दोष सायलेन्सरवाल्याच्या माथी मारणे उगाचच. जादा टोके कापावीत.

वेल्डिंग करताना बॅटरी सोडवावी आणि पाट्यावर ठिणग्या पडू नयेत म्हणून तो झाकावा. कडक पोलादावर वेल्डिंगचा डाग पडला, तर पाटा पुढे तिथूनच तुटू शकतो.

पाट्यापासून वाचवलेला पाईप डिझेलच्या नळीजवळ किंवा ब्रेकच्या हवेच्या नायलॉन नळीजवळ नेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११३ नुसार एक्झॉस्ट पाईप इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या धूर-प्रदूषणाच्या मानकाच्या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये सेन्सर व धूर शुद्ध करणारी यंत्रणा असते. तिथे कापाकापी न करता हँगर आणि रबरांपुरतेच काम ठेवावे. पहिल्या भरल्या खेपेनंतर क्लॅम्प पुन्हा आवळावे लागतात.