निखाऱ्यांवरचं भांडं आणि पुण्यातला ओटीजी: फळांच्या कॉब्लरची पार्श्वभूमी

कॉब्लर म्हणजे खाली साखरेत घोळलेली फळं, वर मैद्याच्या मऊ पिठाचे गोळे, आणि दोन्ही एकाच भांड्यात एकाच वेळी भाजलेलं. खाली रस दाटतो, वर पीठ फुगतं. पुण्यात हा पदार्थ स्ट्रॉबेरीच्या दिवसांत नाहीतर आंब्याच्या मोसमात केला जातो, आणि फसतो तेव्हा बहुधा एकाच जागी फसतो: वरून छान तांबूस, पण फळाला टेकलेल्या बाजूने पीठ चिकट, कच्चं. असं का होतं हे समजायचं तर थोडं मागे जावं लागतं, कारण कॉब्लर मुळात ओव्हनसाठी जन्मलेला पदार्थच नाही.

अमेरिकेत वसाहती करणारे इंग्रज आपल्याबरोबर दोन गोड पदार्थांची सवय घेऊन गेले होते. एक पाय, म्हणजे पातळ लाटलेल्या कवचात भरलेलं फळ, आणि दुसरं चरबी घालून कापडात बांधून उकडलेलं पुडिंग. पायला विटांचा नीट तापलेला ओव्हन लागतो, पुडिंगला जनावराची चरबी आणि बरंच बाकीचं साहित्य. नव्या वस्तीत, विशेषतः पश्चिमेकडे सरकणाऱ्या कुटुंबांकडे, असायची ती उघडी आग आणि बिडाचं जाड भांडं. वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याचं पेटंट अब्राहम डार्बी यांनी इंग्लंडमध्ये 1707 साली घेतलं होतं. अमेरिकेत या भांड्याला तीन पाय आले आणि झाकणाला उभा काठ आला. त्या काठाचं काम एकच: झाकणावर ठेवलेले निखारे घसरू न देणं.

ज्यांच्या घरात धोंडस झालेलं आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. काकडी, गूळ आणि रवा जाड बुडाच्या भांड्यात घालून खाली मंद विस्तव, वर झाकणावर निखारे, ही कोकणातली जुनी रीत. तत्त्व तेच. भाजण्याच्या पदार्थाला वरून जास्त आणि खालून कमी उष्णता लागते. तीन पायांच्या त्या भांड्यातही साधारण दोन भाग निखारे झाकणावर आणि एक भाग खाली, असाच हिशेब असतो.

1839 साली केंटकीतल्या लेटिस ब्रायन यांच्या पाककृतींच्या पुस्तकात पीचचा पॉट-पाय येतो, आणि त्यालाच कॉब्लर म्हणतात अशी नोंदही त्यात आहे. पाहुण्यांपुढे मांडायचा नव्हे, पण घरच्यांसाठी उत्तम आणि थंड दुधाबरोबर खायचा, अशी त्याची ओळख करून दिलेली आहे. पुढे 1859 च्या अमेरिकी शब्दांच्या कोशात कॉब्लरचा अर्थ दिला आहे तो असा: भांड्याला आतून जाड पिठाचं अस्तर लावून त्यात फळ घालून भाजलेला पाय. म्हणजे जुन्या कॉब्लरला खालूनही पीठ होतं. आज वर फक्त गोळे ठेवतात ते नंतरचं रूप. हे गोळे भाजल्यावर फरसबंदीच्या दगडांसारखे (इंग्रजीत ‘कॉबल’) दिसतात, आणि नाव त्यावरून पडलं असं सांगितलं जातं.

पीच हे फळ मूळचं चीनचं. स्पॅनिश लोकांनी ते सोळाव्या शतकात फ्लोरिडाकडे नेलं, तिथल्या मूळ रहिवाशांनी ते आत दूरवर पसरवलं. अमेरिकेच्या दक्षिणेत ते इतकं रुजलं की 1870 च्या दशकात जॉर्जियातल्या सॅम्युअल रम्फ यांनी लांबच्या प्रवासात टिकणारं एल्बर्टा हे वाण तयार केलं आणि पीचचा मोठा व्यापार उभा राहिला. पण दक्षिणेतल्या मोठ्या घरांची स्वयंपाकघरं गुलामगिरीत ठेवलेल्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या हातांवर चालत होती, हे विसरून या खाद्यपरंपरेचा इतिहास सांगता येत नाही. ॲबी फिशर स्वतः गुलामगिरीत जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी 1881 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तोंडी सांगितलेल्या, अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या पाककृतींचं पुस्तक निघालं. ज्यांचं नाव कुठेच छापलं गेलं नाही अशा स्त्रियांची संख्या मात्र फार मोठी आहे.

आता पिठाकडे येऊ. कॉब्लरचं रूप बदललं ते फळामुळे नव्हे, क्षारामुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकी बायका लाकडाच्या राखेपासून काढलेला शुद्ध क्षार पिठात घालू लागल्या. आपल्याकडे पापडखार जसा पिठात जातो, तसाच. 1796 च्या अमेलिया सिमन्स यांच्या पुस्तकात तो छापील स्वरूपात दिसतो. आंबट ताकाबरोबर तो वायू सोडतो आणि यीस्टची वाट न पाहता पीठ हलकं होतं. मग 1843 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठी बेकिंग पावडर तयार केली. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स यांनी 1845 मध्ये आपोआप फुगणाऱ्या पिठाचं पेटंट घेतलं, आणि 1856 मध्ये अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड यांनी फॉस्फेटवर आधारलेल्या पावडरीचं. जाड, दडस कवचाची जागा हळूहळू फुगणाऱ्या गोळ्यांनी घेतली. 1931 मध्ये बिस्क्विक हे तयार मिश्रण बाजारात आलं आणि कॉब्लर आणखी सोपा झाला.

इथे पुणेकरांची हमखास एक गफलत होते. अमेरिकी कृतीत वरच्या थराला ‘बिस्किट’ म्हटलेलं असतं आणि आपल्या डोळ्यांसमोर येतं कॅम्पातलं श्रुजबेरी. दोन्हींचा काहीही संबंध नाही. श्रुजबेरीत लोणी-साखर फेटतात, पाणी जवळजवळ नसतं, म्हणून ते खुसखुशीत होतं. अमेरिकी बिस्किट हा मऊ, पदर सुटणारा, बिनयीस्टचा पाव असतो, आणि त्याचं लोणी थंडच राहिलं पाहिजे.

दुसरी गफलत ताकाची. तिथलं बटरमिल्क दाट आणि विरजलेलं. आपलं ताक पाणी घातलेलं. कृतीतल्या बटरमिल्कच्या जागी ताक ओतलं की पीठ पळीवाढं होतं आणि गोळे फळात विरघळतात. अर्धं दही आणि अर्धं दूध घ्यावं. आणि कपाचा घोळ नको म्हणून वजनातच मोजावं: अमेरिकी कप सुमारे 240 मिलिलिटरचा, आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान.

आठ इंची चौकोनी भांड्यासाठी चिरलेली फळं 700 ग्रॅम, साखर 80 ते 100 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर दीड मोठा चमचा, लिंबाचा रस एक मोठा चमचा, चिमूटभर मीठ. वरच्या थराला मैदा 150 ग्रॅम, साखर दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, खाण्याचा सोडा चिमूटभर, फ्रिजमधलं घट्ट लोणी 65 ग्रॅम, दही आणि दूध प्रत्येकी 60 मिलिलिटर. बाजारातलं खारं बटर असेल तर पिठात वेगळं मीठ घालू नये. मैदा, साखर, पावडर आणि सोडा चाळून घ्यावा. त्यात लोणी बोटांच्या टोकांनी वाटाण्याएवढे तुकडे राहतील इतकंच चोळावं. दही-दूध घालून चमच्याने दहा-बारा वेळा हलवावं, मळू नये. मळलं की चिवट होतं.

आता ते कच्चं राहणारं पीठ. निखाऱ्यांच्या भांड्यात बिडाचं बूड आधीच तापलेलं असायचं, फळ लगेच उकळू लागायचं आणि पिठाला खालून वाफेची धग मिळायची. आपण थंड काचेच्या भांड्यात थंड फळं भरतो, वर पीठ ठेवतो. फळ उकळायला लागेपर्यंत वरची बाजू भाजून झालेली असते. उपाय साधा आहे. 190 अंशांवर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये फळं एकटीच 12 ते 15 मिनिटं ठेवावीत, कडेला बुडबुडे दिसले की पिठाचे गोळे चमच्याने सोडावेत आणि आणखी 25 ते 30 मिनिटं भाजावं. गोळ्यांमध्ये बोटभर फटी हव्यात, वाफ तिथूनच निघते. रस कडेला नव्हे, मधोमध उकळताना दिसला की झालं. कॉर्नफ्लोअर उकळीच्या जवळ पोचल्याशिवाय नीट दाटत नाही, त्यामुळे लवकर काढलेला कॉब्लर पाणीदारच राहतो. लहान ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये, वरची सळई अगदी जवळ येते. भांडं खालच्या खाचेवर ठेवावं आणि शेवटी रंग भराभर चढू लागला तर वर फॉइल टाकावी.

शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्येही कॉब्लर करतात, पण त्यातून निघतो तो कॉब्लर नव्हे. उष्णता फक्त खालून, वर वाफ कोंडलेली, त्यामुळे गोळे पांढरे आणि मऊ राहतात. न्यू इंग्लंडमध्ये चुलीवर झाकून शिजवलेल्या याच प्रकाराला ग्रंट किंवा स्लंप म्हणतात. ते फसलेलं काही नाही, तो वेगळा आणि चांगला पदार्थ आहे. तांबूस रंगच हवा असेल तर वरून उष्णता द्यावीच लागते.

तिसरा प्रकार पातळ पिठाचा: भांड्यात 80 ग्रॅम लोणी वितळवून, त्यावर 125 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम साखर, दीड लहान चमचा बेकिंग पावडर आणि 240 मिलिलिटर दूध यांचं मिश्रण ओतायचं, वर फळं पसरायची आणि अजिबात ढवळायचं नाही. 180 अंशांवर 45 ते 50 मिनिटांत पीठ फळांच्या भोवतीने वर चढतं. ढवळलं तर सगळं एकजीव होऊन ओलसर केक उरतो. आपोआप फुगणाऱ्या पिठामुळे सोपी झालेली ही रीत, आणि पहिल्यांदाच करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

फळं मंडईत त्या दिवशी काय आहे ते पाहून घ्यावीत. हिमाचल-उत्तराखंडचे पीच उन्हाळ्याच्या अखेरीला येतात आणि मूळ कृतीला तेच सर्वांत जवळचे. पिवळ्या गराचे, दाबल्यावर किंचितच दबणारे निवडावेत. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी खूप पाणी सोडते, तिला कॉर्नफ्लोअर अर्धा चमचा जास्त. हापूस पूर्ण पिकलेला घेतला तर त्याचा आमरस होतो, म्हणून घट्टसर फळ घ्यावं, साखर 50 ग्रॅमपर्यंत उतरवावी आणि लिंबू दुप्पट करावं. पुरंदरच्या अंजिराला आंबटपणा जवळजवळ नसतो, तेव्हा त्यात निम्मी आलुबुखार मिसळली की चव उभी राहते. सफरचंद कठीण असतं, त्याला पहिल्या भाजणीत 20 मिनिटं द्यावीत. सीताफळ मात्र पुरंदरचं कितीही उत्तम असलं तरी इथे वापरू नये. त्याचा गर तापवला की कडवट होतो आणि साखरेने तो कडूपणा झाकला जात नाही.

ओव्हनमधून काढल्यावर 20 मिनिटं थांबावं. रस निवताना आणखी दाटतो. बरोबर थंड दूध हीच जुनी जोडी, आणि आपल्याकडे आटवून गार केलेलं, बिनसाखरेचं दूध त्या जागी चपखल बसतं.