मागचा बंपर कशासाठी असतो? कोकणातल्या जीपगाड्यांची पार्श्वभूमी

थार, जिम्नी किंवा गुरखा घरी आली की काही महिन्यांत मागचा बंपर बदलायचा विषय निघतोच. कंपनीचा प्लॅस्टिकचा बंपर काढायचा, जाड पत्र्याचा लोखंडी बसवायचा, त्याला दोन लाल हूक लावायचे आणि जमलं तर स्टेपनी धरणारा हातही घ्यायचा. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत अशा गाड्या आता सर्रास दिसतात. निवड करताना बोलणं मात्र डिझाइन आणि किंमत यांच्यापुढे फारसं जात नाही. हा भाग जीपला मुळात कशासाठी आला आणि आपल्या किनाऱ्यावर त्याला कोणतं काम पडतं, हे समजलं तर निम्मे पर्याय आपोआप गळतात.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी अमेरिकी सैन्यासाठी जी जीप बनवली तिला मागे सलग बंपर नव्हता. चासीच्या मागच्या आडव्या पट्टीवर दोन्ही कडांना दोन आखूड तुकडे होते आणि मधोमध ट्रेलर ओढायचा हूक. वर एका बाजूला स्टेपनी, दुसऱ्या बाजूला इंधनाचा कॅन. ओढताना ती आडवी पट्टी वाकू नये म्हणून तिला आतून तिरके आधार दिलेले होते. मागच्या टोकाचं पहिलं काम ओढणं, दुसरं सामान वाहणं; धक्का सोसणं त्यानंतर. मोटारींचा हिशेब वेगळा होता. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलपासून, पुढच्या बंपरने ताशी ५ मैलांची आणि मागच्याने ताशी अडीच मैलांची ठोकर सोसली पाहिजे, असा नियम आला. पण तो प्रवासी मोटारींना लागू होता. जीप आणि पिकअप त्यातून बाहेर राहिल्या. जीपचं मागचं टोक कसं असावं हे मालकावर सोपवलं गेलं आणि बाहेरून बंपर बनवून विकणाऱ्यांना मोकळं रान मिळालं.

हा धंदा खऱ्या अर्थाने ऑस्ट्रेलियात फोफावला. तिथली टीजेएम ही बंपर बनवणारी कंपनी १९७३ ची, एआरबी १९७५ ची. तिथल्या आतल्या भागात दोन पेट्रोल पंपांमध्ये शेकडो किलोमीटर असतात, म्हणून मागच्या बंपरवर दोन हात, एकावर जादा टायर आणि दुसऱ्यावर इंधनाचे कॅन, अशी रचना रूढ झाली. आज भारतात विकले जाणारे बरेच मोठे बंपर याच धाटणीचे आहेत. कोकणात तेवढ्या सरंजामाची गरज नाही. दोन हातांचा बंपर, त्यावर भरलेले कॅन आणि जादा टायर मिळून मागच्या चाकांच्याही मागे शंभर किलोंच्या घरात वजन सहज लटकतं. घाटात चढताना त्यामुळे पुढची चाकं हलकी पडतात आणि ओल्या वळणावर स्टिअरिंग सैल लागतं.

आपल्याकडे जीप आली ती मुंबईच्या माझगावातून. महिंद्राने चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस तिथे विलिसच्या जीपा जुळवायला सुरुवात केली. पुढे सीजे ३बी, मग एमएम ५४०, कमांडर, मार्शल अशी पिढी वाढत गेली. पुण्याकडून बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली. सरकारी खाती, कंत्राटदार, आंब्याचे व्यापारी आणि वडापवाले यांनी या गाड्या कोकणभर फिरवल्या. एसटी दिवसातून दोनदा येणाऱ्या गावांत बाजाराला, दवाखान्यात किंवा कोर्टात जायचं तर वडापची जीप हाच आधार होता.

कोकणातला पहिला बदललेला बंपर याच जीपांवर आला, असं मला वाटतं. मागे दोन्ही बाजूंना समोरासमोर बाक, आणि चढायचं फाळक्याकडून. जमिनीपासून फाळका इतका उंच की लुगडं नेसलेल्या आजीला आणि डोक्यावर हारा घेतलेल्या कोळणीला चढणं मुश्किल. म्हणून खेड, चिपळूण, दापोलीच्या वेल्डिंगच्या दुकानांत या जीपांना मागे पायरी लावून मिळायची. दोन अँगल थेट चासीला बोल्टने पकडलेले, त्यांवर पाय घसरू नये म्हणून चेकर प्लेट, आणि धरायला वर एक पाइप. चार माणसं उभी राहिली तरी ती पायरी हलायची नाही. रुतलेल्या गाडीला दोर बांधायचा तोही तिच्याच अँगलला. जुने वेल्डर हा जोड बॉडीवर कधीच घेत नसत. बॉडीचा पत्रा आतून कुजतो, चासी टिकते, हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक होतं.

मारुतीची जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आली आणि तिची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली होती. २०१० च्या पहिल्या थारने समोरासमोरचे बाक आणि मागून चढणं तसंच ठेवलं. २०२० च्या थारमध्ये मागची आसनं पुढे तोंड करून बसली, पुढच्या दारातून आत जाता येऊ लागलं आणि पायरीची गरज संपली. त्या जागी प्लॅस्टिकचा बंपर आला. प्लॅस्टिक म्हणजे कमअस्सल, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ते हलकं असतं, बारीक ठोकर सोसून पुन्हा आकारात येतं, आणि समुद्रकाठी त्याला गंज चढत नाही. फक्त त्याला धरून गाडी ओढता येत नाही.

दरम्यान हौशी ऑफ-रोडिंग, म्हणजे रस्ता सोडून चिखलात गाडी घालणं, हेही वाढलं. मलेशियातल्या धर्तीवर रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली स्पर्धा २०१४ पासून शेजारच्या गोव्यात ऐन पावसाळ्यात सुरू झाली. लाल चिखलात बुडालेल्या गाड्या विंचने, म्हणजे बंपरवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, बाहेर निघताना लोकांनी पाहिल्या आणि तसे बंपर आपल्याही गाडीला हवेसे वाटू लागले. स्पर्धेतली गाडी ट्रकवर चढून मैदानावर येते आणि धुऊन घरी जाते. आपली गाडी वर्षाचे बारा महिने खाऱ्या हवेत उभी असते आणि त्याच गाडीने मुलांना शाळेत सोडायचं असतं.

कोकणात गाडी अडकते कुठे, ते पाहू. पुळणीवर म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, खाडीकाठच्या खाजणाच्या कडेला, पावसात पऱ्या म्हणजे ओढा ओलांडताना, नाहीतर चिरेखाणीच्या रस्त्यावरच्या चिखलात. या बहुतेक ठिकाणी गाडी नाकाने आत घुसलेली असते. पुढची जमीन कशी आहे ते माहीत नसतं, मागची मात्र गाडी पेलून गेलेली असते. त्यामुळे सोडवायला येणारा ट्रॅक्टर किंवा दुसरी जीप मागेच उभी राहते आणि गाडी आली त्याच वाटेने उलटी ओढली जाते. पुढच्या बंपरचं एवढं कौतुक होतं, पण आपल्या भागात खरं काम पडतं ते मागच्या हुकाला. बंपर निवडायचा तो या एका कामासाठी. बाकी सगळं त्यानंतर.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिल्यांदा गाडीखाली वाकून बघावं. हुकाचा जाड कान बंपरच्या पत्र्यावर वरवर चिकटवलेला आहे, की पत्र्यातून आरपार जाऊन मागच्या प्लेटला दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेला आहे? ती प्लेट चासीच्या दोन्ही रेल्सना, म्हणजे लांब तुळयांना, किती आणि कोणत्या जाडीच्या बोल्टने धरली आहे? वाळूत टेकलेली गाडी ओढताना हुकावर येणारा ताण गाडीच्या वजनाहून जास्त होऊ शकतो, कारण वाळू चाकांना धरून ठेवते. ट्रेलर जोडायच्या लोखंडी बॉलला दोर अडकवून तर कधीच ओढू नये. बॉल तुटला तर तो गोळीसारखा सुटतो आणि यात माणसं दगावलेली आहेत. १९ मिलिमीटर जाडीच्या, ४.७५ टन छाप असलेल्या डी-शॅकल, म्हणजे दोर हुकाला जोडायच्या कड्या, बंदरावर जाळ्यांच्या सामानाच्या दुकानांतही मिळतात. छाप नसलेली स्वस्त शॅकल घेऊ नये.

दुसरी गोष्ट उंचीची. थारचा मागचा कोन, म्हणजे मागचं चाक टेकतं तिथून बंपरच्या खालच्या कडेपर्यंतचा चढ, कंपनीच्या आकड्यानुसार ३६.८ अंश आहे. बंपरची खालची कड चाकापासून ६०० मिलिमीटर मागे आहे असं धरलं आणि नवा बंपर ५० मिलिमीटर खाली आला, तर साधारण ३ अंश जातात. आकडा लहान वाटतो. पण धोपावे-दाभोळ किंवा वेश्वी-बागमांडला जंगल जेट्टीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर, ओहोटीच्या वेळी उतरून पाहा. बोट खाली गेलेली असते, तिचा लोखंडी रॅम्प धक्क्याच्या उतारावर टेकतो आणि दोघांच्या मध्ये खोलगट कोन तयार होतो. पुढची चाकं धक्क्याचा चढ घेतात, मागची त्या खोबणीत असतात, आणि नेमका त्या क्षणी बंपरची खालची कड रॅम्पच्या पत्र्यावर घासते. फेरीबोटीवर नेहमी जाणाऱ्या गाड्यांच्या बंपरखाली हा चकचकीत ओरखडा ओळखता येतो. चांगल्या बंपरची दोन्ही टोकं वर वळवलेली असतात आणि मधला भाग चासीच्या रेल्सना शक्य तितका भिडवून ठेवलेला असतो.

स्टेपनीचा हात घ्यायचा तो जड टायर लावले असतील तरच. दारावरच्या बिजागऱ्यांना मूळ टायरचं वजन पेलायची सवय आहे. जाड चिखली टायर टांगले की खडबडीत रस्त्यावर दार खाली बसतं आणि लॉक जुळेनासं होतं. हात घेतलाच तर तो फिरतो त्या खुंट्यात बेअरिंग आणि ग्रीस भरायचं निपल आहे ना, हे बघावं. नुसती पाइपात पाइप घातलेली रचना इथल्या हवेत दोन पावसाळ्यांत जाम होते.

आणि आता गंज. कोकणातले बंपर वाकत नाहीत, ते आतून सडतात. बाजारातले बहुतेक बंपर ३ मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्याच्या पोकळ पेट्या असतात. बोल्टच्या भोकांतून आणि अर्धवट वेल्डच्या फटींतून खारं पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नसते. दोन-तीन वर्षांनी खालच्या कडेला रंगाचा फुगा येतो. स्क्रू ड्रायव्हरने टोकरलं की पुस्तकाच्या पानांसारखे तपकिरी पापुद्रे सुटतात, आणि आत पत्रा उरलेलाच नसतो. हुकाच्या मागची प्लेटही त्याच पेटीत असेल तर बाहेरून भक्कम दिसणारा बंपर पहिल्या ओढीलाच हातात येतो.

मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावर ट्रॉलरचं काम करणाऱ्या वेल्डरला हे समजावून सांगावं लागत नाही. तो पेटी बंद करण्याआधी आतून रंग देतो, सगळ्या फटी सलग वेल्डने बुजवतो, आणि सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला बोट जाईल एवढी भोकं ठेवतो. बोटीला तळाशी जस्ताच्या वड्या लावतात तशी एक बंपरलाही लावावी, असं काही जण सुचवतात. त्याचा उपयोग नाही. ती वडी लोखंडाला वाचवते ती पाण्याखाली, हवेत नाही. खरा उपाय म्हणजे तयार बंपर वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज करणं. भोकं नसलेली पोकळ पेटी त्या ४५० अंशांच्या कढईत फुटू शकते, म्हणून निथळायची भोकं इथेही आधी लागतात. आणि त्यानंतर वेल्डिंग करायचं नाही, कारण जस्ताचा धूर विषारी असतो आणि थरही जळून जातो.

पावडर कोटिंग दुकानात देखणं दिसतं. जांभ्यावर एकदा खरवडलं की त्याच्या खालून गंज लांबवर पसरत जातो आणि वरून दिसतही नाही. माझा कल रेड ऑक्साईड किंवा झिंक प्रायमरवर साध्या रंगाकडे आहे. दर वर्षी गणपतीनंतर तारेच्या ब्रशने घासून तो घरच्या घरी पुन्हा मारता येतो. अॅल्युमिनियमचा बंपर हलका असतो, पण लोखंडी बोल्ट जिथे त्याला टेकतो तिथे खाऱ्या हवेत पांढरी पूड धरून तो खाल्ला जातो. मध्ये नायलॉनचे वॉशर हवेतच.

कायद्याची बाजू अलीकडे कडक झाली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. नोंदणी प्रमाणपत्रातल्या, कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बार, म्हणजे बंपरवर बसवायच्या जादा लोखंडी चौकटी, यांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा हाच अर्थ उचलून धरला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. गाडीचं वजन आणि लांबी यांची नोंद असते, त्यामुळे जड आणि मागे पसरलेला बंपर लगेच नजरेत येतो. कंपनीच्या अधिकृत अॅक्सेसरीच्या यादीत काही मिळतं का ते आधी पाहावं, आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. नाहीतर अपघाताच्या दाव्यात हाच बंपर आडवा येतो.

जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. लोखंडी बंपरमध्ये त्यांची भोकं मूळ उंचीवर आणि मूळ कोनातच पाडावी लागतात, नाहीतर सेन्सर जमिनीलाच अडथळा समजून सतत ओरडतात. नंबरप्लेट, तिच्यावरचा दिवा आणि लाल रिफ्लेक्टर झाकले जाता कामा नयेत. वेळास आणि आंजर्ल्याच्या पुळणीवर कासवं अंडी घालतात. तिथे गाडी उतरवायचीच नाही, बंपर कितीही चांगला असो. वेल्डरकडे जाताना गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, सेन्सरच्या उंचीची मापं आणि मूळ बंपरचे बोल्ट सोबत न्यावेत, आणि जुना बंपर विकू नये. गाडी विकताना किंवा तपासणीला नेताना तो पुन्हा लावावा लागू शकतो.