ब्लेंडेड कोर्सची पार्श्वभूमी: टक्के मोजले, तास राहून गेले

ब्लेंडेड कोर्स म्हणजे काही भाग वर्गात आणि काही ऑनलाइन होणारा कोर्स. त्याच्या पार्श्वभूमीतला टपालाने धडे पाठवण्याचा आणि दूरचित्रवाणीवरून शिकवण्याचा काळ इथे ओझरता पुरे. महाविद्यालयातला ऑनलाइन कोर्स आज ज्या रूपात दिसतो, म्हणजे आठवड्यांची यादी, आत फाइली, चर्चामंच, क्विझ आणि गुणांचा तक्ता, ते रूप साधारण 1995 ते 2002 या वर्षांत आलेल्या एलएमएस, म्हणजे कोर्सचे साहित्य, काम आणि गुण एका ठिकाणी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरनी दिले. रचनेचा विचार तेव्हा उपलब्ध नव्हता असे मुळीच नाही. उद्दिष्ट, कृती आणि मूल्यमापन एका ओळीत हवे ही मांडणी 1996 मध्ये आली होती. आधी शेवट ठरवून मग मागे येत कोर्स आखण्याची पद्धत 1998 मध्ये आली. ऑनलाइन वर्गात शिक्षकाचा, सहाध्यायांचा आणि विचारप्रक्रियेचा असा तिहेरी वावर लागतो, ही मांडणी 2000 मध्ये झाली. पण एलएमएसमध्ये नवा कोर्स उघडला की समोर यायचा तो रिकामा फोल्डर. शेवटी विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे तो विचारत नव्हता. म्हणून हाताशी होत्या त्या स्लाइड आणि नोट्स त्यात गेल्या. कोर्स ‘ऑनलाइन टाकणे’ ही सवय तिथून लागली.

पुढच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ मात्र एका मोजमापात आहे. 2000 नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या उच्च शिक्षणाच्या वार्षिक पाहण्यांनी कोर्सची विभागणी टक्केवारीने केली: 1 ते 29 टक्के आशय ऑनलाइन असेल तर वेबची जोड असलेला कोर्स, 30 ते 79 टक्के असेल तर ब्लेंडेड, 80 किंवा त्याहून जास्त असेल तर ऑनलाइन. किती ठिकाणी काय चालू आहे हे मोजायला ही विभागणी ठीक होती. कोर्स आखायला ती अपुरी पडते, कारण टक्के कशाचे हा प्रश्न सुटत नाही. पाठ्यपुस्तकातले प्रकरण घरी वाचले तर ते ऑनलाइन धरत नाहीत, तेच प्रकरण पीडीएफ करून चढवले की धरतात. अशाने शिकवण्यात तसूभरही फरक न पडता कोर्स 20 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर जातो. दुसऱ्या व्याख्येनुसार वर्गातला वेळ कमी झाला असेल तरच तो ब्लेंडेड. दोन्ही व्याख्या आजही शेजारीशेजारी वापरात आहेत आणि एकाच समितीत बसलेली माणसे त्यांतल्या वेगवेगळ्या गृहीत धरून वाद घालतात.

आमच्या मते यातली दुसरी व्याख्या कामाची, कारण ती वेळेचा हिशेब मागते. 3 क्रेडिटचा, 15 आठवड्यांचा कोर्स घ्या. अमेरिकेत रूढ असलेल्या मापाने दर क्रेडिटला आठवड्यात वर्गात 1 तास आणि बाहेर किमान 2 तास धरतात, म्हणजे आठवड्याला 9 तास, एकूण 135. युरोपातल्या मापात एका क्रेडिटला एकूण 25 ते 30 तासांचे काम धरले जाते. आता वर्गातले 3 तास दीडवर आणले, तर उरलेल्या साडेसात तासांचे काम कागदावर मांडावे लागते: 8 मिनिटांचे दोन व्हिडिओ, थांबत, टिपणे काढत 40 मिनिटे, वाचन 2 तास, क्विझ 20 मिनिटे, चर्चामंच 1 तास, गणिते किंवा लेखी सराव अडीच तास, प्रकल्प 1 तास. बेरीज नेमकी साडेसात तास. यात काहीही नवे घालायचे तर आधी काहीतरी काढावे लागते.

टक्क्यांवर आखलेल्या कोर्समध्ये हे काढणे होत नाही. जुने वाचन आणि जुन्या असाइनमेंट तशाच राहतात, वर व्हिडिओ आणि चर्चामंच येतात, आणि आठवड्याचे काम 11-12 तासांवर जाते. जाणकार याला ‘दीड कोर्स’ म्हणतात. विद्यार्थी मग ज्याला गुण नाहीत ते पहिल्यांदा सोडतात. ते बहुधा वर्गापूर्वीचे वाचन किंवा व्हिडिओ असतात. वर्गात कोणी तयारीने आलेले नाही हे पाहून शिक्षक तोच भाग पुन्हा शिकवतात. त्यातून विद्यार्थ्यांना कळते की व्हिडिओ नाही पाहिला तरी चालते. चार-पाच आठवड्यांत ब्लेंडेड कोर्सचा नेहमीचा वर्ग होतो, फक्त तास कमी असलेला. यावर टिकणारा उपाय एकच दिसतो. वर्गाच्या आदल्या रात्री मुदत असलेली 5-6 प्रश्नांची, थोड्या गुणांची क्विझ द्यायची आणि वर्गाची सुरुवात सर्वांत जास्त जणांच्या चुकलेल्या प्रश्नापासून करायची. हा दुसरा भाग गाळला की क्विझ म्हणजे नुसती हजेरी होते.

2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्या वर्षी सुधारलेल्या एका मोठ्या अमेरिकी सरकारी आढाव्याने टक्केवारीला अधिकच वजन आले. हजाराहून अधिक अभ्यास चाळून त्यात 50 तुलना काढल्या होत्या आणि मिश्र, म्हणजे ब्लेंडेड पद्धत निव्वळ वर्गापेक्षा सरस ठरली होती. मिश्र गटांना बहुतेकदा जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळाले होते, त्यामुळे श्रेय माध्यमाला देता येत नाही, हे त्याच आढाव्यात स्पष्ट लिहिले होते. निष्कर्ष सगळीकडे पोहोचला, ही अट पोहोचली नाही.

गुणवत्तेच्या रुब्रिकही, म्हणजे कोर्स तपासण्याच्या निकषांच्या याद्याही याच काळातल्या. 2003 च्या सुमारास सुरू झालेल्या एका प्रसिद्ध पद्धतीत तीन सहकारी परीक्षक कोर्स तपासतात, अत्यावश्यक निकष सगळे आणि एकूण 85 टक्के गुण लागतात. मोजता येतील अशी उद्दिष्टे आणि सर्वांना वापरता येईल असे साहित्य यांचा आग्रह रुजवण्यात तिचा वाटा मोठा आहे. मात्र तपासणी आराखड्याची होते. सहाव्या आठवड्यात शिक्षक उत्तर देतात की नाही, हे त्यात दिसत नाही.

2011-12 मध्ये सर्वांना खुल्या असलेल्या ऑनलाइन कोर्सपैकी काहींना लाखाहून अधिक नोंदण्या होऊ लागल्या आणि सगळे लक्ष व्हिडिओकडे गेले. 2014 च्या एका विश्लेषणात सुमारे 69 लाख वेळा पाहिल्याच्या नोंदी होत्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक वेळ 6 मिनिटांच्या पुढे जात नव्हता. यावरून 50 मिनिटांच्या व्याख्यानाचे आठ तुकडे करण्याची टूम निघाली. तुकडे करून काही साधत नाही, कारण प्रत्येक तुकड्याला मागच्याचा संदर्भ लागतो. एका व्हिडिओत एकच प्रश्न, आणि लगेच त्यावर करायची एक कृती, असे असावे. ‘मागच्या आठवड्यात’ किंवा परीक्षेची तारीख त्यात बोलू नये, नाहीतर पुढच्या सत्रात पुन्हा चित्रीकरण आले. सबटायटल स्वतः वाचून दुरुस्त करावीत, कारण आपोआप तयार झालेली तांत्रिक शब्दांवर हमखास अडखळतात.

मार्च 2020 मध्ये वेळापत्रक जसेच्या तसे व्हिडिओ कॉलवर गेले. पूर्ण ऑनलाइन कोर्सच्या तयारीला साधारण 6 ते 9 महिने धरतात. तेव्हा काही दिवसच मिळाले. त्या महिन्याच्या अखेरीसच काही अभ्यासकांनी याला ‘आपत्कालीन दूरस्थ अध्यापन’ असे वेगळे नाव द्यावे असा आग्रह धरला. तो योग्य होता, पण फार थोड्यांनी ऐकला. ऑनलाइन शिक्षणाविषयीची आजची बरीच नाराजी त्या महिन्यांच्या अनुभवावरची आहे.

जुलै 2021 पासून अमेरिकी नियमांत शिक्षक-विद्यार्थी संवादाची नेमकी व्याख्या आली: प्रत्यक्ष शिकवणे, कामावर अभिप्राय, शंकांना उत्तर, गटचर्चा चालवणे अशा पाच प्रकारांपैकी किमान दोन हवेत, तेही ठरलेल्या वेळी, अंदाज करता येईल असे. टक्क्यांपेक्षा हा निकष कोर्सच्या गाभ्याजवळ जातो. चर्चामंच आखताना त्याचा अर्थ असा होतो: वर्गाचे 6-8 जणांचे गट, पहिल्या नोंदीची मुदत बुधवारी आणि प्रतिसादाची रविवारी, कारण मुदत एकच ठेवली तर सगळे शेवटच्या रात्री लिहितात आणि कोणी कोणाचे वाचत नाही. प्रश्न प्रत्येकाला वेगळी आकडेवारी किंवा वेगळे प्रकरण देणारा असावा. शिक्षकांनी प्रत्येक नोंदीला उत्तर देऊ नये, सोमवारी गटनिहाय एक सारांश लिहावा.

नोव्हेंबर 2022 नंतर मजकूर लिहून देणारी साधने सर्वांच्या हाती आली आणि घरी लिहिलेल्या नोंदींवरचा भरवसा कमी झाला. त्यामुळे ब्लेंडेड कोर्सच्या वर्गातले दीड तास आता वेगळ्या कामाला लागत आहेत: 20 मिनिटांचे हाताने सोडवायचे उत्तर, प्रकल्पावर 5 मिनिटांची तोंडी विचारणा, एकमेकांचे मसुदे समोरासमोर तपासणे. 30 जणांच्या वर्गात प्रत्येकी 5 मिनिटे म्हणजे अडीच तास. म्हणून तोंडी विचारणा दोन आठवड्यांत विभागावी लागते, आणि त्या दोन आठवड्यांतले लेखी काम तेवढेच कमी करावे लागते.