भाव तेलाचा, प्रोटीन कोंबड्यांचं

इंदूरच्या छावणी मंडीत सोयाबीनचं पोतं उतरलं की व्यापारी त्यात परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, खुपसतो आणि मूठभर दाणे तळहातावर पसरतो. माती किती, डागी किती, नमी म्हणजे ओलावा किती? यंत्रावर दहा-बाराच्या आत आकडा दिसला की बोली सुरू. प्रोटीन किती, हे मात्र कोणी विचारत नाही. तूरडाळीत ते २२ टक्क्यांच्या आसपास, सोयाबीनमध्ये सुमारे ४०. तरी सरकारी हिशेबात सोयाबीन डाळींमध्ये नाही, तेलबियांमध्ये आहे. आणि तेल तर जेमतेम १८-२० टक्के.

ताटात ते का येत नाही, हे आमच्या रामबागेतल्या स्वयंपाकघरात कळलं. भिजवलेलं सोयाबीन आईने गार पाण्यात वाटलं आणि मिक्सरचं झाकण उघडताच तोंड फिरवलं. "कच्च्या पाल्याचा वास येतोय रे!" दाण्यात तेल आणि लायपॉक्सिजिनेज नावाचं एन्झाइम वेगवेगळे बसलेले असतात. दाणा फुटला, पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि काही क्षणांत तो वास तयार होतो. पुढच्या खेपेला आम्ही उकळतं पाणी घालून वाटलं. गरम पाण्यात एन्झाइम निकामी होतं, त्यामुळे वास बराच कमी आला. उकळण्याला दुसरंही कारण आहे. कच्च्या दाण्यातलं ट्रिप्सिन इनहिबिटर आपलं प्रोटीन पचवणारं एन्झाइमच अडवून धरतं, म्हणून दाणे निदान वीस-पंचवीस मिनिटं उकळायलाच हवेत. पोटात गुबारा धरतो तो मात्र रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरांमुळे. त्या तोडणारं एन्झाइम आपल्याकडे नाही, आतड्यातल्या जिवाणूंकडे आहे.

आता कारखाना. दाण्याचे पोह्यांसारखे चपटे पापुद्रे करून हेक्झेन या तेल विरघळवणाऱ्या द्रवाने तेल काढतात. उरते ती पेंड, बाजारातली 'डीओसी' (डी-ऑइल्ड केक), आणि ती जाते मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात. हेक्झेन उडवताना ती वाफेवर चांगली भाजून काढतात, कारण कोंबडीलाही इनहिबिटर चालत नाही. घोडं इथेच अडतं. जास्त उष्णतेने प्रोटीनची घडी मोडते आणि ते पाण्यात विरघळेनासं होतं. ९० टक्के शुद्ध प्रोटीनची पावडर करायची तर ते आधी विरघळलंच पाहिजे: किंचित अल्कधर्मी पाण्यात विरघळवायचं, मग आम्ल घालून पीएच ४.५ ला आणायचं, की नासलेल्या दुधासारखं प्रोटीन साकळतं. म्हणजे कोंबडीसाठी भाजलेली पेंड माणसाच्या पावडरीला उपयोगी नाही. त्यासाठी कमी उष्णतेत हेक्झेन काढणारी वेगळी यंत्रणा लागते, वर भरपूर पाणी आणि सुकवायला वीज. सोयावडीचं काम त्यापेक्षा सोपं, तेल काढलेलं पीठ एक्स्ट्रूडरमधून दाबून काढलं की झालं. म्हणून वडी किराणा दुकानात पोचली आणि पावडर जिमच्या डब्यातच राहिली.

शेतातली कटकट निराळी. सोयाबीनचं साल पातळ, अंकुर अगदी सालीलगत. थ्रेशर जोरात फिरला किंवा पोतं आपटलं की बी आतून तडकतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या आषाढात पेरल्यावर उगवण निम्म्यावर आली की घरात भांडण. त्यात पिवळा मोझॅक हा रोग, त्यात कापणीच्या वेळचा पाऊस. आपलं सरासरी उत्पादन हेक्टरी एक टनाच्या आसपास, ब्राझीलचं तीनच्या वर. पेंडीचा भाव जगाच्या बाजारात ठरतो आणि दाण्याचा भाव पेंडीमागे जातो. २०२४ च्या खरिपाला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. मंडीत बोली त्याच्या खालीच राहिली.

इंदूरजवळच्या सांवेरच्या बाजूला कोणी सोयाबीनचं रोप उपटून दाखवलं तर मुळावरची, हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंची गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी असते. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. अमेरिकेतली एक कंपनी हेच प्रथिन यीस्टमध्ये बनवून शाकाहारी 'मांसा'ला लाली आणते. आपल्याकडे ती गाठ मातीतच राहते, पुढच्या गव्हाला नत्र मिळतं एवढंच.

इंदूरच्याच सोयाबीन संशोधन संस्थेने वासावर आणि पचनावर बियाण्यातच तोड काढली आहे. एनआरसी १२७ या वाणात ट्रिप्सिन इनहिबिटरचा एक मुख्य प्रकार, कुनिट्झ, नाही. एनआरसी १४२ मध्ये तो नाहीच, शिवाय वास आणणारं लायपॉक्सिजिनेज-२ सुद्धा नाही. उकळणं तरी सुटत नाही, पण मेहनत कमी होते. अडचण एवढीच की हे दाणे दिसायला बाकीच्यांसारखेच पिवळे. वेगळं पोतं, वेगळं गोदाम, वेगळा भाव देणारा गिऱ्हाईक असेल तरच त्यांना अर्थ. नाहीतर परखी खुपसली जाते, नमी बघितली जाते आणि तेही त्याच ढिगावर ओतलं जातं.