पैसे येतात, निघत नाहीत : फेर-केवायसीची पार्श्वभूमी

ग्रामीण विदर्भात ‘खातं होल्डवर गेलं’ हे वाक्य आता ‘लाइन गेली’ इतकं सरावाचं झालं आहे. लाडक्या बहिणीचा हप्ता जमा झाल्याचा मेसेज येतो, बाई बँक मित्राकडे (बँकेचा गावातला प्रतिनिधी) जाऊन अंगठा लावते आणि मशीन नकार देतं. मग तालुक्याची एसटी, आधारची झेरॉक्स, फॉर्म, आणि काउंटरवरून ‘आठ दिवसांनी बघा’. ‘पैसे येते, पण निंघत नाही,’ अशी ही तक्रार. मूळ फेर-केवायसीत, म्हणजे बँकेतली ओळखीची माहिती ठराविक मुदतीने ताजी करण्यात आहे. हिला वीसेक वर्षांचा इतिहास आहे. पण त्यातला कळीचा भाग २०१४ सालच्या दोन महिन्यांत घडला.

त्याआधीचा काळ थोडक्यात. पूर्वी खातं उघडायला कागदापेक्षा माणूस लागायचा. फॉर्मवर ‘ओळख देणाराची सही’ असा चौकोन असे. त्यात गावचे गुरुजी, पोलीस पाटील किंवा सोसायटीचे गटसचिव सही करत, खाली स्वतःचा खाते क्रमांक टाकत, आणि काम होई. शेतकऱ्याचा व्यवहार बहुतेक जिल्हा बँकेशी आणि सोसायटीशी. तिथे सातबारा हीच ओळख. ऑगस्ट २००२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहक ओळखीचे, म्हणजेच केवायसीचे, नियम काढले, नोव्हेंबर २००४ मध्ये ते सविस्तर केले, आणि काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा २००२ चा कायदा १ जुलै २००५ पासून लागू झाला. नेम हवालावाल्यांवर आणि दहशतवाद्यांच्या पैशावर होता. पण २००४ च्या नियमांनी जुन्या खातेदारांनाही आत घेतलं होतं, एवढं ध्यानात ठेवावं. आपल्याकडे तेव्हा चर्चा कर्जाची, आत्महत्यांची आणि २००६ च्या पंतप्रधान पॅकेजची होती. केवायसीकडे कोणाचं लक्ष जाणार?

जिल्हा बँका लायसन्सच्या अडचणीत सापडल्या तेव्हा नागपूर, वर्धा, बुलडाण्याकडचे खातेदार राष्ट्रीयीकृत बँकांकडे वळले. ज्या शाखेत पाच माणसांचा स्टाफ, तिच्यावर चाळीस-चाळीस गावं आली. पुढचं सगळं समजून घ्यायला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

आता २०१४. २८ ऑगस्टला जनधन योजना सुरू झाली. गावोगावी मेळावे लागले, झिरो बॅलन्सवर खाती निघाली. आधार किंवा मतदान कार्ड असेल त्याचं पूर्ण खातं झालं. काहीच नसेल त्याला २०१० पासून चालत आलेली ‘छोट्या खात्याची’ सोय होती : फोटो आणि सही किंवा अंगठा, बस. मात्र अशा खात्यात शिल्लक ५० हजारांवर नको, वर्षाची जमा एक लाखावर नको आणि महिन्याला दहा हजारांवर काढता येणार नाहीत, अशा तीन अटी होत्या. मजुरी करणाऱ्याला त्यांचा काच नव्हता. पण २०१४-१५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,०५० रुपये होता. त्या भावाने पंचवीस क्विंटल मोजला की चुकारा १ लाख १ हजार २५० रुपये होतो. म्हणजे पाच-सहा एकरांचा कोरडवाहू शेतकरीसुद्धा एकाच विक्रीत मर्यादेबाहेर जाऊ शकत होता. अटी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर महिन्याकाठी थोडं थोडं कमावणारा माणूस असावा. वर्षाचं उत्पन्न दोन-चार वेच्यांत येणारा त्यांच्या हिशेबात बसला नाही.

मेळावे चालूच होते आणि २१ ऑक्टोबर २०१४ ला रिझर्व्ह बँकेचं एक परिपत्रक आलं. आजचा ‘होल्ड’ इथून निघाला. ठराविक मुदतीने ग्राहकाची माहिती अद्ययावत करायची हे आधीच ठरलं होतं : जास्त जोखमीच्या ग्राहकाची दोन वर्षांनी, मध्यम जोखमीची आठ वर्षांनी, कमी जोखमीची दहा वर्षांनी. प्रश्न होता, ग्राहक आलाच नाही तर? परिपत्रकाने उत्तर दिलं. तीन महिन्यांची नोटीस, मग आणखी तीन महिन्यांचं स्मरणपत्र, आणि तरीही दाद नसेल तर खातं अंशतः गोठवायचं. जमा चालू, नावे (म्हणजे पैसे काढणं) बंद. त्यानंतर सहा महिन्यांत काही झालं नाही तर दोन्ही बंद. खातं बंद करून पैसे घेऊन जायची मोकळीक मात्र ग्राहकाला होती.

यावर तेव्हा फारसा वाद झाला नाही; तो पुढे, रांगा लागल्यावर झाला. बँकवाल्यांचं म्हणणं असं : एकदम खातं बंद केलं तर अनुदान परत जाईल, माणसाचं जास्त नुकसान होईल. जमा चालू ठेवली की पैसा सुरक्षित राहतो आणि ग्राहक आपणहून शाखेत येतो. हिशेब म्हणून हे बरोबर आहे. पण ज्या घरात १५०० रुपये जमा होतात त्याच आठवड्यात संपतात, तिथे ‘सुरक्षित’ पैसा औषधाच्या दुकानात चालत नाही. शिवाय जमा चालू असल्यामुळे सरकारच्या नोंदीत लाभार्थ्याला पैसे मिळालेले असतात. तहसीलमध्ये तक्रार नेली तर ‘तुमचे पैसे पडले आहेत’ हे उत्तर मिळतं, आणि ते खोटंही नसतं. पूर्ण बंद खात्याची रक्कम निदान परत गेलेली दिसते, यादीत अडचण नोंदली जाते. अर्धवट बंद खात्याची अडचण कोणत्याच यादीत दिसत नाही. माझ्या मते या निर्णयाचा खरा दोष हा आहे.

दुसरी बाब जास्त बोचरी आहे. त्याच परिपत्रकात सवलतही होती. कमी जोखमीच्या ग्राहकाच्या माहितीत बदल नसेल तर नवे पुरावे मागू नका, त्याने स्वतः तसं लिहून दिलं की पुरे, आणि तो समोर हजर असायलाच हवा असा आग्रह धरू नका, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे धनज किंवा घाटंजीच्या बाजूची म्हातारी २०१४ पासूनच एका साध्या चिठ्ठीवर मोकळी होऊ शकत होती. परिपत्रकाच्या एका पानातून होल्ड गावापर्यंत आला, दुसऱ्यातली चिठ्ठी मुंबईतच राहिली. जानेवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला हेच पुन्हा सांगावं लागलं : बदल नसेल तर स्वघोषणा पुरे, ती मोबाइल, ईमेल, एटीएम किंवा पत्राने दिली तरी चालेल, शाखेत बोलावू नका. तेच सांगायला सव्वाआठ वर्षांनी दुसरा कागद काढावा लागला, यातच पहिल्याचं काय झालं ते आलं.

शाखांची बाजूही आहे, पण ती नियमांत सापडत नाही. ऑडिटला येणारा माणूस चिठ्ठी बघून समाधान मानत नाही, आधारची सही केलेली झेरॉक्स मागतो. दंड झाला तर बदली क्लार्कची होते. त्यामुळे काउंटरवरचा माणूस दोन कागद जास्तीचेच मागतो.

मध्ये आधारचा गोंधळ होऊन गेला. जून २०१७ मध्ये प्रत्येक खात्याला आधार जोडणं सक्तीचं झालं. मुदत आधी ३१ डिसेंबर, मग ३१ मार्च २०१८. सर्वोच्च न्यायालयाने ती आधी थांबवली आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खात्यांची सक्ती रद्द केली. पण सरकारी लाभ ज्या खात्यात घ्यायचा तिथे आधार आलंच. शहरातल्या पगारदाराला निकालाने निवड मिळाली. आपल्याकडे अनुदान, पीकविमा, पेन्शन, सगळंच लाभात मोडतं, त्यामुळे निवड कागदावरच राहिली.

त्यातून तीन वेगवेगळी कामं एकाच नावाखाली आली, आणि हेलपाट्यांचं मोठं कारण तेच आहे. एक, बँकेतली फेर-केवायसी : खातेदाराचा पत्ता, ओळख, फोटो ताजा करणं. दोन, आधार सीडिंग : सरकारी पैसा कोणत्या बँकेत जाईल ते ठरवणारी जोडणी. खाती तीन असली तरी पैसा जोडलेल्या एकाच बँकेत पडतो, आणि ते बहुधा सगळ्यात शेवटी जोडलेलं, विसरलेलं खातं निघतं. तीन, योजनेची ई-केवायसी : पीएम किसानची वेगळी, रेशनची वेगळी, सप्टेंबर २०२५ पासून लाडक्या बहिणीची वेगळी. ही पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात होते आणि तिने बँकेतला होल्ड निघत नाही. गावात तिन्हींना ‘केवायसी’च म्हणतात. सेतूत पैसे देऊन अंगठा लावून आलेली बाई ‘माही केवायसी झाली’ म्हणते तेव्हा ती खरंच बोलत असते, आणि काउंटरवरचा ‘झाली नाही’ म्हणतो तोही. वरून ‘केवायसी संपली, लिंक उघडा’ म्हणणाऱ्या चोरांनाही हाच घोळ पथ्यावर पडतो.

२०२४ मध्ये सगळ्या तारखा एकावर एक आल्या. ऑगस्ट २०१४ मधल्या जनधन खात्यांची दहा वर्षं ऑगस्ट २०२४ ला भरली. आणि त्याच ऑगस्टमध्ये, राखीच्या तोंडावर, लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते मिळून ३,००० रुपये खात्यांत पडले. वर्षानुवर्षं ज्यांचं पासबुक ट्रंकेत होतं त्या बाया पहिल्यांदाच पैसे काढायला निघाल्या, नेमकी मुदत संपलेली खाती घेऊन. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना लिहिलं की केवायसीअभावी गोठलेली खाती कमी करा, लाभार्थ्यांची खाती सोप्या रीतीने चालू करून द्या.

खरी सुधारणा रिझर्व्ह बँकेच्या १२ जून २०२५ च्या आदेशाची. ज्या बँक मित्राने दहा वर्षांपूर्वी पारावर बसून खातं उघडून दिलं, त्याला ते ताजं करायचा अधिकार या तारखेपर्यंत नव्हता. तो आता मिळाला. मुदतीआधी तीन सूचना आणि नंतर तीन स्मरणपत्रं, दोन्हींत किमान एक कागदी पत्र, असंही ठरलं. पाठोपाठ १ जुलै ते ३० सप्टेंबर ग्रामपंचायतींत शिबिरं झाली. कल्पना चांगली होती, महिने मात्र निंदण-फवारणीचे. सकाळी अकराला शिबिर म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. मेळघाटात पावसाळ्यात धारणीहून आतल्या पाड्यावर मशीन न्यायचं तर नेटवर्क मिळेलच असं नाही. ज्यांची बोटं कापूस वेचून आणि भांडी घासून गुळगुळीत झालीत त्यांचा अंगठा लागत नाही तो नाहीच. आणि आधारवर ‘शांता’, पासबुकात ‘शांताबाई’ असेल तर बँक मित्रही हात वर करतो, कारण तो बदल मानला जातो, स्वघोषणेत बसत नाही.

जूनच्या त्याच आदेशात होल्डवरही तोडगा आहे : कमी जोखमीच्या खातेदाराला मुदत उलटल्यावर एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत सगळे व्यवहार करू द्यायचे. म्हणजे कमी जोखमीचं जे खातं ऑगस्ट २०१४ मध्ये उघडलं आणि मध्ये कधी ताजं झालं नाही, त्याला ३० जून २०२६ पर्यंत; जे फेब्रुवारी २०१६ मध्ये उघडलं त्याला फेब्रुवारी २०२७ पर्यंत. खातं उघडल्याची तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर मिळते. आपण कमी जोखमीचे की मध्यम, हे मात्र बँकेने ग्राहकाला सांगायचं नाही, असा नियम आहे.