मशीन गेलं की कॅसेट गेली

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीला मावशीकडे गेले होते. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आवरताना तळाशी तिच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट सापडली. १९९२ सालची. लेबलवर शाईपेनानं लिहिलेलं, ‘भाग २ – पंगत व पाठवणी’. खिडकीतून आतली काळी फीत दिसत होती आणि तिच्या गुंडाळीच्या कडेवर, पिठी सांडून राहावी तसा पांढरट थर. कोकणातल्या तीसेक पावसाळ्यांची बुरशी.

“हे आता दिसेल का गं?” मावशीनं विचारलं. मावसभाऊ म्हणाला, “आई, आता कोण बघतं कॅसेट? जमाना बदलला.”

जमाना बदलला हे खरंच. पण नवं आलं म्हणून जुनं आपोआप जातं, हे मला पटत नाही. घरगुती व्हिडिओची गेल्या पन्नास वर्षांची गोष्ट नीट पाहिली तर वेगळंच दिसतं. चित्र जास्त चांगलं आहे एवढ्यावर कुठलंच नवं माध्यम जिंकलेलं नाही. आणि जुनं माध्यम खरं मेलं, ते वाचणारं मशीन बनेनासं झालं तेव्हा.

सुरुवात त्या काळ्या फितीपासूनच करू. आवाज मुद्रित करायला सेकंदाला वीसेक हजार कंपनं टिपली तरी भागतं. चित्राला लाखो लागतात. एवढी माहिती फितीवर उतरवायची तर फीत हेडसमोरून, म्हणजे ती लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या चुंबकीय टोकासमोरून, प्रचंड वेगानं पळवावी लागेल. व्हीएचएसमध्ये फीत आणि हेड यांच्यातला वेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर असतो. हेड स्थिर ठेवून फीतच या वेगानं ओढली असती तर तीन तासांच्या सिनेमाला ५२ किलोमीटर फीत लागली असती, म्हणजे जवळपास सीएसएमटी ते कल्याण. प्रत्यक्षात तीन तासांच्या कॅसेटमध्ये असते अडीचशे मीटरच्या आसपास.

ही किमया त्या चकाकत्या ड्रमची. व्हीसीआरचं, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या मशीनचं, झाकण काढलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना तो आठवेल. जरासा कललेला, ६२ मिलिमीटर व्यासाचा, आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला २५ फेऱ्या घेणारा. हेड या ड्रमवर बसवलेली असतात. फीत त्याला वळसा घालून सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर या गोगलगायीच्या चालीनं सरकते आणि हेड तिच्यावर तिरक्या रेघा ओढत जातात, शेतात तिरकी नांगरट करावी तशा. एका रेघेत अर्धी फ्रेम, म्हणजे अर्धं चित्र. एका रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपल्या केसापेक्षा बारीक. त्या रेघेत लिहिलेली सर्वांत बारीक लाट तर एका मायक्रॉनच्या घरातली. त्यामुळे हेड आणि फीत यांच्यात एवढंसंही अंतर पडलं की ती लाट वाचताच येत नाही. बुरशीचा एक तंतू यापेक्षा जाड असतो. म्हणून पडद्यावर मुंग्या येतात. म्हणूनच ‘हेड खराब झालं’ असं म्हणत घरोघरी कोरी करकरीत नोट घेऊन ते पुसलं जायचं (करू नये, नोटेचा खरखरीतपणा हेडला झिजवतो).

आता जुन्या भांडणाकडे. सोनीनं १९७५ मध्ये बीटामॅक्स आणलं, जेव्हीसीनं १९७६ मध्ये व्हीएचएस. बीटामॅक्सचं चित्र थोडं सरस मानलं जायचं. पण तिची सुरुवातीची कॅसेट एका तासाची होती आणि व्हीएचएसची दोन तासांची. एका तासात सिनेमा मावत नाही, एवढं साधं कारण. शिवाय जेव्हीसीनं आपलं तंत्र इतर कंपन्यांना मोकळेपणानं वापरू दिलं, मशीनं अनेकांनी बनवली, ती स्वस्त झाली. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही घरात यायला लागले, मागोमाग ‘व्हिडिओ’ आला. वाडीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर, टीव्ही आणि तीन कॅसेटी भाड्यानं आणायच्या आणि उजाडेपर्यंत बघायचं. हिंदी सिनेमा तीन तासांचा आणि ई-१८० कॅसेटही बरोबर १८० मिनिटांची. बीटामॅक्स मागे पडली, पण तिच्या कोऱ्या कॅसेटी सोनी मार्च २०१६ पर्यंत बनवत होती. बाजारात हरल्यावर किती काळ रेंगाळता येतं बघा.

व्हीसीडीची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. १९९३ मध्ये ठरलेलं हे माध्यम म्हणजे साध्या सीडीवर दाबून बसवलेला सिनेमा. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. पडद्यावर पाऊस पडायला लागला किंवा हाणामारी सुरू झाली की चित्राच्या चौकटी चौकटी व्हायच्या. दाबण्याची ही पद्धत चित्राचे छोटे चौकोन पाडते आणि मागच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच प्रामुख्यानं नोंदवते. लग्नात मांडवाचा पडदा हलत नाही, त्याला जागा कमी लागते. अक्षता पडायला लागल्या की सगळंच एकदम हलतं आणि ठरलेल्या जागेत मावत नाही. चांगल्या कॅसेटच्या तुलनेत व्हीसीडी काही मोठी सुधारणा नव्हती. मध्येच उठून दुसरी सीडी घालावी लागायची. तरी आशियाभर ती घराघरांत गेली. प्लेअर स्वस्त, फीत अडकायची भीती नाही, मागे गुंडाळत बसायचं काम नाही. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा तर सिनेमा विकत घेणं भाड्यानं आणण्याइतकं सोपं झालं.

डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या नोव्हेंबरात आली, ब्ल्यू-रे २००६ मध्ये. तिन्ही तबकड्या १२ सेंटिमीटरच्याच. मग सातशे मेगाबाइटच्या जागी ४.७ आणि पुढे २५ गिगाबाइट कुठून आले? उत्तर प्रकाशात आहे. लेझरचा ठिपका जेवढा बारीक, तेवढी तबकडीवरची खूण बारीक. ठिपका दोन गोष्टींवर ठरतो: प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंग किती रुंद कोनातून किरण एकवटतं ते. या दुसऱ्या गोष्टीच्या आकड्याला न्यूमेरिकल ॲपर्चर म्हणतात. डीव्हीडीचा लाल लेझर ६५० नॅनोमीटरचा, भिंगाचा आकडा ०.६. ब्ल्यू-रेचा निळा-जांभळा लेझर ४०५ नॅनोमीटरचा, आकडा ०.८५. तरंगलांबीला भिंगाच्या आकड्यानं भागलं की डीव्हीडीचे १०८३ येतात, ब्ल्यू-रेचे ४७६. म्हणजे ठिपका रुंदीला सुमारे २.२७ पट लहान. तबकडीवर जागा लांबी-रुंदी दोन्हीकडून वाचते, म्हणून वर्ग करायचा: ५.२ च्या जवळपास. आता ४.७ ला ५.२ नं गुणा. साडेचोवीसच्या आसपास उत्तर येतं आणि ब्ल्यू-रेच्या एका थरावर मावतात २५ गिगाबाइट. कागद-पेन्सिल घेऊन हे गणित पहिल्यांदा जुळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

निळा लेझर सहजी मिळाला नाही. गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवायला जपानी शास्त्रज्ञांना अनेक वर्षं झगडावं लागलं. याच पदार्थातून निळा एलईडी घडवल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरातला पांढरा एलईडी दिवा आणि ब्ल्यू-रे ही एकाच घराण्यातली भावंडं.

एवढं जबरदस्त विज्ञान पाठीशी असताना ब्ल्यू-रेनं डीव्हीडीला हाकललं असेल असं वाटतं. तिनं हाकललं ते तोशिबाच्या एचडी डीव्हीडी या प्रतिस्पर्धी तबकडीला, तेही फेब्रुवारी २००८ पर्यंत. त्यात प्लेस्टेशन ३ मध्ये आयता बसवलेला ब्ल्यू-रे ड्राइव्ह आणि हॉलिवूडच्या स्टुडिओंनी घेतलेली बाजू यांचा मोठा वाटा होता. साधी डीव्हीडी मात्र वर्षानुवर्षं ब्ल्यू-रेच्या शेजारी विकली जात राहिली.

का, ते आपल्या डोळ्यांना विचारा. निरोगी नजर अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन वेगळा ओळखते. तीन मीटरवरून बघताना हे अंतर पडद्यावर ०.८७ मिलिमीटर भरतं. बत्तीस इंची टीव्हीची उंची सुमारे ४० सेंटिमीटर, म्हणजे तेवढ्या लांबून डोळ्याला तिच्यात साडेचारशेच्या आसपास ओळी वेगळ्या दिसतात. डीव्हीडीवर पाल पद्धतीत त्या ५७६ असतात. डोळ्याला दिसतं त्याहून जास्त ती आधीच देत होती! पंचावन्न इंची टीव्ही घेतला तर तीन मीटरवरून आठशेच्या आत ओळी ओळखू येतात. तिथे ब्ल्यू-रेच्या १०८० कामी येतात. पण फोर-के या त्याहून बारीक चित्राच्या २१६० ओळी त्याच टीव्हीवर मोजायच्या तर पडद्यापासून सुमारे १.१ मीटरच्या आत बसावं लागेल. रंगांची खोली आणि उजेड-अंधारातला फरक लांबूनही कळतो, ती फोर-के तबकडीची खरी कमाई. दुकानात मात्र बारकाव्याचाच आकडा मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्ल्यू-रे प्लेअरमध्ये डीव्हीडी चालते. आकार तोच ठेवलेला, आत लाल लेझरही बसवलेला. फोर-के तबकडीचा प्लेअरसुद्धा डीव्हीडी वाचतो. जुना संग्रह टाकून द्यायची वेळच कुणावर आली नाही. कॅसेटला असा पूल मिळाला नाही. तबकडीच्या मशीनमध्ये फीत घालायची तर आत अख्खा दुसरा व्हीसीआर बसवावा लागतो. तशी जोडमशीनं निघाली, पण मग तीही बंद झाली. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई. तिनं २०१५ मध्ये साडेसात लाख मशीनं विकली होती. गिऱ्हाईक होतं. पण सुटे भाग मिळेनासे झाले आणि जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबलं.

२०१९ मध्ये युनेस्कोचा माहितीविषयक कार्यक्रम आणि ध्वनिचित्र संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून जगभरातल्या संग्रहांना इशारा दिला, की चुंबकीय फितींवरचा ठेवा २०२५ च्या आसपास वाचता येणं अवघड होईल, तो त्याआधी उतरवून घ्या. त्यामागची काळजी हीच होती. फीत अजून टिकेल, मशीन टिकणार नाही.

आता पाळी तबकडीची आहे, आणि तिला धोका फोर-के तबकडीकडून मुळीच नाही. लॅपटॉपमधून ड्राइव्ह गेला. नेटफ्लिक्सनं १९९८ पासून चालवलेली टपालानं डीव्हीडी पाठवण्याची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. सोनीनं घरी मुद्रण करायच्या कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. चित्राच्या बाबतीत ऑनलाइन सिनेमा अजूनही मागे आहे: फोर-के तबकडी सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत ओतू शकते, ऑनलाइन फोर-केला पंधरा-वीसच्या आसपास भागवलं जातं. लोकांनी पुन्हा एकदा सोयच निवडली आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ऑनलाइन सिनेमा आपल्या कपाटात नसतो. करार संपला की तो यादीतून जातो. आणि मावशीची पंगत तर कुठल्याच यादीत नव्हती. गावचा दशावतार, शाळेचं स्नेहसंमेलन, आजोबांचं कीर्तन, हे सगळं एकेका कॅसेटमध्ये एकेकच आहे.

पुण्यात जुन्या कॅसेटी उतरवून देणारे एक काका सापडले. कॅसेट दाखवताना मी त्या थरावर फुंकर मारायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला. “ताई, फुंकर नको. तोंडाची वाफ लागते आणि बुरशी सगळीकडे उडते.” त्यांनी ती आठवडाभर सिलिका जेलच्या डब्यात सुकवली. मग पाठचे पाच स्क्रू काढून दोन्ही चक्र्या बाहेर घेतल्या, फीत मऊ कापडातून हळूहळू ओढून साफ केली आणि नव्या खोक्यात बसवली. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, घाई करताच येत नाही. आधी मुंग्या आल्या. त्यांनी ट्रॅकिंगचं, म्हणजे हेड नेमकं रेघेवर आणायचं, बटण फिरवलं आणि पडद्याच्या खालच्या बाजूनं हलणाऱ्या पट्टीतून आजी वर आली. हातात जिलबीचं ताट, कुणाला तरी आग्रह करत. तिचा आवाज मी अठरा वर्षांनी ऐकला.

काकांच्या टेबलावर तीन व्हीसीआर होते. एक चालू, दोन उघडलेले. त्या दोघांचे भाग काढून ते तिसऱ्याला चालवतात. हेड किती तास टिकेल, विचारलं तर म्हणाले, “सांगता येत नाही. म्हणून आधी लग्नं नि बारशी घेतो. सिनेमे नंतर. सिनेमे कुठेतरी मिळतात.”

भाग १ अजून सापडलेला नाही. मावशी माळा पुन्हा शोधतेय.