पार्श्वभूमी : टोस्टमास्टर्स क्लब आणि भाषणानंतरची तीन मिनिटं

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, ब्लूमिंग्टनच्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेत १९०५ च्या सुमारास राल्फ स्मेडली शिक्षण विभागाचं काम पाहत होते. तिथे येणाऱ्या तरुणांना चारचौघांत बोलता येत नाही, साधी सभाही चालवता येत नाही, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी व्याख्यानं ठेवली नाहीत, बोलण्याचा सराव करण्यासाठी ‘टोस्टमास्टर्स’ क्लब काढला. आळीपाळीने एकाने सभा चालवायची, काहींनी छोटी भाषणं करायची आणि उरलेल्यांनी त्या भाषणांवर बोलायचं. क्लब छान चाले, पण स्मेडली दुसऱ्या गावी गेले की मागे तो बंद पडे. सगळा डोलारा एका माणसावर उभा होता.

२२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे, वायएमसीएच्या तळघरात भरलेली सभा मात्र पुढे चालत राहिली. शेजारच्या अ‍ॅनाहाइममध्ये दुसरा क्लब निघाला. स्मेडलींनी पद्धत लिहून पुस्तिका छापल्या, त्यामुळे ते हजर नसलेल्या गावांतही सभा त्याच साच्यात भरू लागल्या. संस्था टिकली ती या पुस्तिकांमुळे, असं म्हणायला हरकत नाही. १९३२ मध्ये ‘टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल’ची रीतसर नोंदणी झाली. बायकांना दार उघडायला मात्र १९७३ उजाडलं. हेलन ब्लँचर्ड यांनी त्याआधीच ‘होमर’ या पुरुषी नावाने सदस्यत्व घेतलं होतं. १९८५ मध्ये त्याच संस्थेच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या.

बोलण्याला शिस्त लावणारी मंडळं त्याआधीही होती. बेंजामिन फ्रँकलिनच्या फिलाडेल्फियातल्या ‘जंटो’त (१७२७) कुणी फार ठासून बोललं किंवा समोरच्याला थेट खोडून काढलं तर किरकोळ दंड होई. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. पण तिथे व्यासपीठावर जाणकार वक्ता असतो आणि शिकणारा समोर खुर्चीत. स्मेडलींनी शिकणाऱ्यालाच व्यासपीठावर चढवलं.

आजच्या सभेतही हाच सांगाडा दिसतो. नव्या सदस्याचं पहिलं भाषण स्वतःची ओळख करून देणारं, ४ ते ६ मिनिटांचं. पुढची बहुतेक ५ ते ७ मिनिटांची: वक्त्याला वेळ कळावी म्हणून पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. मग आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर १ ते २ मिनिटं. एकजण वेळ पाहतो, एकजण भाषेवर लक्ष ठेवतो, एकजण ‘अं’, ‘म्हणजे’, ‘अ‍ॅक्च्युअली’ मोजतो. शेवटी प्रत्येक तयार भाषणावर २ ते ३ मिनिटांचं मूल्यमापन होतं.

आमच्या मते खरी कमाई या मूल्यमापनातच आहे, आणि क्लब बिघडतात तेही इथेच. ‘फारच सुंदर, असंच चालू ठेवा’ एवढ्याने वक्त्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘दुसरा मुद्दा सुरू झाल्यावर तुम्ही कागदाकडे पाहिलंत आणि तिथून आवाज खाली गेला’ असं सांगितलं, तर पुढच्या वेळी नेमकं काय सुधारायचं ते कळतं. चांगला मूल्यमापक भाषणाआधीच वक्त्याला विचारून घेतो, आज कशाकडे लक्ष देऊ?

नवख्यांची दुसरी अडचण पाठांतराची. शब्दन् शब्द घोकलेला असतो, मग एक वाक्य निसटलं की पुढचं सगळंच जातं. सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवटचं एक पाठ करावं, मधले तीन मुद्दे हाताएवढ्या कार्डावर लिहावेत. घरी सराव करताना भाषण साडेपाच मिनिटांत संपायला हवं. मंचावर थांबे आणि हशा यांत वेळ जातोच. भीतीने घाई होणारे मात्र साडेचार मिनिटांच्या आतच उरकतात, आणि स्पर्धेत ५ ते ७ मिनिटांच्या भाषणाला ४:३० पेक्षा कमी किंवा ७:३० पेक्षा जास्त वेळ लागला तर वक्ता बाद होतो.

नवा क्लब अधिकृत व्हायला साधारण २० सदस्य लागतात आणि एका सभेत तयार भाषणं दोन-तीनच होतात. म्हणजे भाषणाची पाळी यायला काही आठवडे जातात. तेवढे दिवस नुसतं ऐकत बसणारे बहुतेक मागेच राहतात. पाळी नसेल त्या सभेत वेळ पाहण्याचं काम मागून घ्यावं. अहवाल देण्यापुरतं का होईना, उभं राहावंच लागतं.